आचाऱ्याचं पोट

पोटावर थाप मारून तो म्हणायचा, "ही आपली पाटी, मास्तर. बारीक आचाऱ्याला कोन बोलावतो?"

शहापुरात आमच्या शाळेमागे त्याचं घर होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ती वर्षं. मुरबाडपासून खर्डीपर्यंत बऱ्या घरचं लग्न त्याच्याशिवाय होत नसे. चुलाणापाशी उभा राहून तो दिवसभर चाखत राहायचा. पाक, बासुंदी, पुन्हा पाक. पंगतीला मात्र कधी बसला नाही.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. अंगावरच्या मांसालाच आपण सुख समजतो.

एका उन्हाळ्यात त्याच्या हातातला पाण्याचा तांब्या सुटेना. कढई सोडून तो सारखा मांडवाबाहेर जायचा. मंडळी हसायची. जेवण दुप्पट झालं, तरी गळ्याची हाडं वर आली. त्याच्या बायकोनं मला विहिरीपाशी गाठलं.

"मास्तर, तुमी तरी सांगा यांना. लघवीला बसतात तिथं मुंग्या लागतात. सासऱ्यांचं असंच झालं व्हतं. पाय सडून गेले ते."

मी गेलो तेव्हा तो सदरा चढवत होता. आत पोटाभोवती जुनं धोतर गुंडाळून घट्ट बांधलेलं. मी पाहिलं, तरी ओशाळला नाही.

"मधुमेह हाय, मला ठावं हाय. बापाचा पाय मीच धुवायचो. पन आजारी आचाऱ्याच्या हातचं कोन खातो? लग्नसराई होऊ द्या, मग कल्याणला डॉक्टरकडं जातो."

"सराई दरवर्षी येते," मी म्हणालो.

"म्हनून तर."

त्याच सराईत एक निखारा त्याच्या टाचेखाली आला. कातडी जळल्याचा वास सुटला, शेजारचा ओरडला, तेव्हा कुठे त्यानं पाय उचलला. त्याला काही कळलंच नव्हतं. हळद बांधून त्यानं ते लग्न पार पाडलं, पुढचंही. जखम काही भरली नाही. शेवटी कल्याणच्या डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय कापला आणि बायकोला विचारलं, "एवढी तहान लागत होती, तेव्हाच का नाही आणलंत?"



मग तो ओटीवर बसून असायचा. ज्यांच्या पोरींच्या पंगती त्यानं उठवल्या, ते समोरून मान फिरवून जात. शुभकार्याला निघताना लंगड्याचं तोंड नको. भाताची कापणी चालू असताना तो गेला. तिरडी उचलली, तर रिकामीच उचलल्यासारखी वाटली.

पुढच्या वैशाखात मुरबाडकडून त्याला न्यायला एक बैलगाडी आली. गाडीवानाला काही ठाऊक नव्हतं. बायको दारात आली.

"ते नाय आता."

"अरे अरे," तो म्हणाला. खाली उतरलाही नाही. कासरा ओढून बैल वळवता वळवता त्यानं विचारलं, "मंग दुसरा चांगला आचारी कोन हाय गो हितं?"

तिनं खर्डीच्या वाटेकडे हात केला आणि दार लावून घेतलं.