दोन्हीला चालंल अशी पिशवी

दुकानात आले की आबा आधी सॅक कानाला लावायचे. लोक कलिंगड लावतात तशी. मग डोळे मिटून हळूच चेन उघडायची, पुन्हा बंद करायची, आणि सॅक माझ्याकडे सरकवत निकाल द्यायचा, "बोलती."

बारामतीत स्टँडसमोर माझं बॅगांचं दुकान आहे. गिऱ्हाईक सगळ्या तऱ्हेचं बघितलंय. रंग उडेल का विचारणारं, गॅरंटी मागणारं, लग्नाला सूटकेस नेऊन चौथ्या दिवशी "पसंत नाही" म्हणून परत आणणारं. पण चेन बोलते म्हणून सॅक नाकारणारं गिऱ्हाईक हे एकच.

"आबा, चेनच ती. आवाज करणारच की."

"डुकराला ऐकू जातं, शेठ. त्याचं कान आपल्यापरीस चांगलं."

मला शेठ म्हणणारेही तेवढेच. माझ्या दुकानाकडे पाहून दुसऱ्या कोणाला तसा संशय येत नाही.

त्यांचं नाव सांगत नाही. घरात बंदूक असलेल्या मंडळींशी वाकडं कशाला? गाव कऱ्हाटी. जमीन बऱ्यापैकी, ऊस, चार जनावरं. आणि वडलांकडून आलेली बारा बोअरची बंदूक, शेतीच्या राखणीसाठी परवाना असलेली. उसात रानडुकरं झाली, वनखात्याची परवानगी मिळाली, की लोक आबांना बोलावणं धाडत. त्यामुळे ते शिकारी. आजवर मारलेली डुकरं? एकही नाही. पण मान असा की विचारू नका. आपल्या भागात काम न करता मान मिळवलेली माणसं काही कमी नाहीत. तरी त्यांतल्या कोणाला मी इतक्या मनापासून तयारी करताना पाहिलं नाही.

डुक्कर का मेलं नाही, याचं कारण दर वेळी एकच. पिशवी.

"मागल्या बारीला पट्टा करकरला." त्याच्या आधी बक्कल चमकलं. त्याच्याही आधी म्हणे ती चिकटपट्टी, खर्रकन उघडणारी. "आख्खा कळप उठून गेला, शेठ. तुमच्या त्या चिकटपट्टीनं." जणू काय मीच आतल्या गोटातून डुकरांना मिळालेला.

त्यांची मागणी साधी होती, म्हणजे अशक्य होती. शिकारी दोन प्रकारच्या. एक कऱ्हाटीच्या आसपासची, सकाळी जायचं, दिवस मावळताना घरी. तिला पाणी, भाकरी, काडतुसं, एवढंच सामान. दुसरी मुक्कामी. इंदापूरकडं, उजनीच्या काठाला. तिला घोंगडं, ताडपत्री, कपडे, पीठमीठ, सगळा संसार. लहान सॅक मुक्कामाला पुरत नाही, आणि मोठी सॅक एका दिवसासाठी घेतली तर पाठीवर लोंबते. "मेलेल्या कोंबडीवानी," आबा म्हणायचे. आणि दोन सॅक घ्या म्हटलं तर त्यांना राग यायचा.

"बंदूक दोन हायत का? मी दोन हाय का? मग पिशवी दोन कशापायी? दोन्हीला चालंल आशी दावा."

मुलानं त्यांना मोठा फोन घेऊन दिला आणि माझे हाल सुरू झाले. परदेशातले शिकारी बर्फातून चाललेत, पाठीवर घराएवढी सॅक, तिच्यावर हरणाची आख्खी तंगडी बांधलेली. आबा तो व्हिडिओ माझ्या नाकासमोर धरून उभे.

"आशी मास बांधायची जागा पायजे."

"आबा, आपल्याकडं मारलेलं डुक्कर वनखात्याच्या ताब्यात द्यावं लागतं. तुम्ही बांधणार काय?"

"बांधायचं न्हाय. पन जागा पायजे."

त्या फोननं त्यांना आणखी एक मंत्र दिला. वजन खांद्यावर नको, कमरेवर पाहिजे. मग काय, कंबरपट्टा असलेली प्रत्येक सॅक अंगात चढवून, आत शेजारच्या किराणा दुकानातली साखरेची पिशवी आणि वजनाचं माप टाकून, आबा स्टँडला चक्कर मारायला लागले. धोतर, टोपी, पाठीवर भडक निळी सॅक. एसटीतली माणसं वाकून बघायची. कॉलेजच्या पोरींनी फोटो काढले. आबा परत येऊन गंभीरपणे म्हणायचे, "डावा खुबा घासतोय."

एकदा आबांच्या घरच्या काकूच दुकानात आल्या. म्हणाल्या, "कायतरी द्या एकदाचं त्यास्नी. घरातनं जातानी पिशवी भरल्याली, येतानी रिकामी. भाकरी तेवढ्या बरूबर संपत्यात."

शेवटी मीच शिवली. जळोचीत घराच्या माडीवर माझं मशीन आहे. मऊ, जुना, धुवून धुवून गप्प झालेला कॅनव्हास घेतला. चेन नाही, बक्कल नाही, सगळीकडे नाड्या आणि लाकडी गुंड्या. खालचा कप्पा मुक्कामाचा. तो नको असेल तेव्हा दोन्ही बाजूंच्या नाड्या ओढल्या की सॅक आवळून पाठीला चिकटायची. कमरेला रुंद पट्टा, आतून गोधडीचा तुकडा. आणि मागे तंगडीसाठी जागा. रिकामीच राहणारी.

आबांनी ती कानाला लावली, हलवली, दाबली, अगदी हुंगलीसुद्धा. मग बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा खुलायच्या ऐवजी पडलाच. त्या वेळी मला वाटलं, कौतुक करायची सवय नाही म्हणून.

"आता तरी डुक्कर पडंल ना, आबा?"

"बघू," ते म्हणाले. "तुमी बी चला. शिवनाऱ्यानं पिशवी चालताना बघाय पायजे."

बोलावणं आलं ते पळसदेवचं. विलास नावाच्या शेतकऱ्याचा मका कणसाला आलेला, निम्मा डुकरांनी लोळवलेला. ते एक वेळ सोसलं असतं. पण त्याचा धाकटा भाऊ हाकलायला गेला आणि डुकरानं त्याची मांडी फाडली. तो इंदापुरात दवाखान्यात पडून होता. आम्ही पोचलो तेव्हा विलासनं चहा विचारला, पण त्याचं लक्ष सगळं बंदुकीकडं.

"आबा, औंदा मोकळ्या हातानं जायचं न्हाय," तो म्हणाला. "भावाला शब्द दिलाय मी."

संध्याकाळी बांधावर बसलो. उजनीचं पाणी बरंच ओसरलं होतं, धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर वर आलं होतं, त्याच्यावर बगळे. डुकरांनी काही दर्शन दिलं नाही.

सकाळी तांबडं फुटताना पुन्हा बसलो. पुढं मका, मक्याच्या पलीकडं उसाचा पट्टा. आणि उसाच्या तोंडाशी ते येऊन उभं राहिलं. रेडकाएवढं. एकटंच, आडवं, शांत. मला शिकारीतलं ओ की ठो कळत नाही, पण इतक्या जवळून ते मीही चुकवलं नसतं. आबांनी बंदूक खांद्याला लावली.

"हाना, आबा," विलास कुजबुजला. "हाना की!"

आबा नेम धरून राहिले. डुकरानं नाक वर केलं. आबा तसेच. मग बंदुकीची नळी हळूहळू खाली आली. डुक्कर घाई न करता मक्यात शिरलं आणि नाहीसं झालं.

विलास उभाच राहिला. "माझा भाऊ तितं टाकं घालून पडलाय आन तुमी डुकराचं दर्शन घेताय व्हय? कशाला आलाय मग हितं? भाकरी मोडाय?"

आबा म्हणाले, "पट्टा आडवा आला."

आता मात्र माझं डोकं फिरलं. रात्रीचा दिवस करून शिवलेली सॅक. "आबा, सॅक तिकडं बाभळीला टांगलीय," मी म्हणालो. "पट्टा कुठला आडवा येतोय?"

आबांनी बाभळीकडं पाहिलं. आजवर इतकी वर्षं त्यांना कोणी असं धरलं नव्हतं. बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली, उठले आणि मक्यातून सरळ उसाकडं चालू लागले. आम्ही दोघं मागोमाग, विलास तोंडानं चालूच.

ऊस वाटला तेवढा रुंद नव्हता. पलीकडं बाहेर पडलो आणि समोरच ऊसतोड्यांची पाचटाची कोपी. टोळी आदल्या दिवशीच तिकडं सरकली होती, विलासलाही पत्ता नव्हता. दारात तीन दगडांची चूल, आणि चुलीशेजारी एक बाई पाय पसरून बसलेली, पायावर तान्हं मूल पालथं, त्याला न्हाऊ घालत होती. अगदी त्या डुकराच्या मागच्या रेषेत. आम्हाला बघून तिचा हात थांबला.

"काय झालं, दादा?"

आबांनी बंदूक पाठीमागं धरली. "काय न्हाय, बाय. वाट चुकलो. चालू द्या तुमचं. पानी निवंल."

परत येताना विलास बांधावरच बसला आणि हातांनी तोंड झाकून घेतलं.

"उसावरनं धूर दिसला," आबा म्हणाले. "बारीक व्हता."

"मग तसं सांगायचं की, आबा!" मी म्हणालो. "आणि मागच्या सगळ्या वेळी?"

"तवा बी कायतरी व्हतंच. कुठं वस्ती, कुठं गाडीवाट, कुठं पानी धरनारा. रान ऱ्हायलंय कुठं, शेठ? हितं डुकराच्या मागं कायम मानूसच आसतो."

"मग बंदूक घेऊन येता कशाला?"

"न्हाय आलो तर दुसऱ्याला बोलावत्यात. त्याला धूर दिसंल न दिसंल." मग म्हणाले, "आन खरं सांगितलं तर मला कोन बोलावनार? पिशवीवर ढकल्यालं बरं."

चांगली पिशवी हाती आल्यावर त्यांचा चेहरा का पडला होता, ते मला तेव्हा कळलं. मी त्यांचं एकुलतं एक निमित्त टाके घालून बंद केलं होतं.

आबा तिथून लगेच निघाले नाहीत. मक्याचं कणीस भरेपर्यंत राहतो म्हणाले, आणि राहिले. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा मागून घेतला, आणि दिवस कलला की बांधावर बसून तो बडवायचे. सकाळी पुन्हा. मीही दोन दिवस बडवला; दुकान आहे हे विसरून. सॅक तेवढ्या मुक्कामात अजिबात बोलली नाही, हे नमूद करतो. डबा मात्र असा बोलत होता की पाण्यावरचे मच्छीमार शिव्या घालू लागले. अखेर डुकरं वैतागून शेजारच्या रानात गेली. आपल्याकडं यालाच प्रश्न सुटला म्हणतात.

विलासनं निघताना आबांच्या पायाला हात लावला. आबा म्हणाले, "भावाला सांगा, म्हाताऱ्याचा नेम चुकला. तेवढाच तुमचा शब्द राहील."

पुढं निवडणूक लागली. सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या. निकाल लागले, लोकांनी आपापल्या बंदुका परत आणल्या. आबांनी आणली नाही. "आज जातो, उद्या जातो," चाललं होतं. मग छातीत पाणी झालं. मी भेटायला गेलो तर खाटेवर उठून बसले, आणि उजनीला आता पक्षी किती आले असतील, देऊळ कुठवर उघडं पडलं असेल, एवढंच विचारत राहिले. डुकराचं नाव नाही. काकू म्हणाल्या, "बरं वाटलं की घिऊन जावा एकदा." मी हो म्हणालो. तसं झालं नाही. आबा गेले.

परवा भिगवणला काम होतं, तसाच पुढं पळसदेवला गेलो. विलास उसाला पाणी देत होता. भाऊ थोडा लंगडत पण हसत समोर आला. विलासनं लांबूनच विचारलं, "आबा न्हाय आणलं?"

मी सांगितलं.

तो फावडं टेकून उभा राहिला. मग घराकडं तोंड करून बायकोला हाक मारली, "आगं, आबा गेलं."

"कुठलं आबा?"

"आपलं. शिकारी."

तिनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. ओसरीवर तिघं बसलो. मागच्या उसात काहीतरी खसफसलं, चांगलं जड होतं. भावानं मान वर करून विलासकडं पाहिलं. विलासनं पातेल्यातलं कालवण माझ्या ताटात वाढलं, आणि उठला नाही.