‘काहून’खालची लाल रेघ

त्या दुपारची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं. लोक म्हणतात, सोडून द्या, जुनी गोष्ट आहे. काहून सोडू? ज्याच्यावर आळ येतो त्याला विचारा ती किती जुनी झाली ते.

सत्तरच्या दशकात मी लकडगंजाजवळच्या एका शाळेत गणित शिकवत होते. आम्ही मूळचे उमरेडचे, घरात हातमाग. माग थंडावला तसे वडील आम्हाला घेऊन नागपुरात आले, आणि माझी नोकरी लागली तेव्हा घरात पगार आणणारी मी एकटीच होते. पण नोकरी अजून पक्की नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मुख्याध्यापक माझ्या कागदावर सही करणार, म्हणजे मी कायम. नाही केली, तर जूनमध्ये घरी बसायचं.

नेमकं त्याच वेळी टाकीचं प्रकरण झालं. शाळेत मुलांसाठी पाण्याची नवी टाकी बांधली होती. मुख्याध्यापकांनी तिच्या उद्घाटनाला शिक्षण खात्यातले एक मोठे साहेब बोलावले. हार झाले, नारळ फुटला, साहेबांनी नळ सोडला आणि नळातून नुसती फुसफुस! टाकी भरायचीच राहून गेली होती. मग आमच्या शिपायाला मागच्या शिडीने बादली घेऊन वर चढवलं, त्याने वरून पाणी ओतलं आणि खाली साहेब ओंजळभर पाणी प्यायले. टाळ्या वाजल्या. बादलीची गोष्ट त्या अंगठेबहाद्दर शिपायाशिवाय फक्त आम्हा शिक्षकांना ठाऊक होती.

पुढच्याच आठवड्यात गावातल्या एका साप्ताहिकात ती छापून आली. पानठेल्यावर दोन गडी गप्पा मारताहेत असं विनोदी सदर, आपल्या वऱ्हाडी बोलीत, आणि लेखकाचं नाव नाही. सगळं लकडगंज हसलं. पोरं मुख्याध्यापकांच्या पाठीमागे ‘बादली, बादली’ करायला लागली.

दोन दिवसांनी मला ऑफिसात बोलावणं आलं. मुख्याध्यापक बसले होते, शेजारी आमचे मराठीचे ज्येष्ठ सर. सर पुण्याकडचे. शुद्ध बोलण्याचा त्यांना भारी अभिमान. ‘किंबहुना’ म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. त्या वर्षी पर्यवेक्षकाची जागा त्यांना डावलून दुसऱ्याला दिली होती. तेव्हापासून ते धुसफुसत होते, आणि हे सगळ्या स्टाफरूमला माहीत होतं. टेबलावर ते साप्ताहिक पसरलेलं, आणि त्यावर लाल पेन्सिलीच्या रेघाच रेघा.

“बसा बाई,” मुख्याध्यापक म्हणाले. “सरांनी या लेखाच्या भाषेचा अभ्यास केलाय.”

सर घसा खाकरून म्हणाले, “माणूस नाव लपवू शकतो, भाषा लपवू शकत नाही. किंबहुना भाषाच त्याचा पत्ता सांगते. हे बघा. मले, तुले, त्याले. येऊन राहिला, करून राहिला. आणि हे, ‘का’ऐवजी काहून.” ‘काहून’खाली त्यांनी दुहेरी रेघ मारली होती. “हा शब्द या शाळेत शिक्षकांपैकी फक्त बाईंच्या तोंडी आहे.”

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा भीती नाही, राग आला. अहो, शाळेतले निम्मे शिक्षक घरी ‘मले’च म्हणत होते! पण फाटकातून आत आले की त्याचं ‘मला’ होई. मला ते सोंग जमत नव्हतं. स्टाफरूममध्ये मी घरच्यासारखी बोलायची, एवढाच माझा गुन्हा.

“सर,” मी म्हटलं, “मी बोलते ‘ले’, पण लिहिते ‘ला’. लहानपणी हातावर छड्या खाऊन शिकले ते. आता लिहायला बसले की हात आपोआप ‘ला’च लिहितो. माझं काहीही लिखाण काढून बघा.”

सर हसले. “हुशार माणूस एरवी जपूनच लिहिणार.”

ऐकलं? लेखात ‘ले’ आहे म्हणून मी चोर, आणि माझ्या लिखाणात ‘ले’ नाही म्हणूनही मीच चोर! चित भी मेरी, पट भी मेरी. गणितात असं उत्तर कोणी लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

“जरा द्या तो कागद,” मी म्हटलं. तोवर मी तो लेख इतरांच्या तोंडून ऐकला होता, स्वतः वाचला नव्हता. पहिल्याच ओळीत एक गडी दुसऱ्याला म्हणतो, ‘काय सांगू वं भाऊ!’ आणि दुसरा विचारतो, ‘काहून वं?’

एवढ्या संतापातही मला फस्सकन हसू आलं.

“हसण्यासारखं काय आहे?” मुख्याध्यापक खेकसले.

“सर, गड्याले कोणी ‘वं’ म्हणते का?” माझा ‘ला’ रागात कधीच पळून गेला होता. “बाईले ‘वं’ म्हणतात अन् गड्याले ‘गा’. आमच्याकडचं शेंबडं पोरगंही हे चुकत नाही. पानठेल्यावर कोणी मिशीवाल्याले ‘वं’ म्हणून पाहावं, दात हातात येतील! ज्यानं हे लिहिलं त्यानं ही बोली नुसती दुरून ऐकली आहे. मी खरं बोलून राहिली.”

“विनोदासाठी मुद्दाम केलं असेल,” सर म्हणाले.

आणि मुख्याध्यापकांनी मान डोलावली. “तुम्हाला या भाषेतलं इतकं बारीक कळतं, म्हणजे तर...”

घ्या! चुका दाखवल्या तर तोही पुरावाच. उद्या ही माणसं म्हणतील, बाई श्वास घेतात आणि लेख लिहिणाराही श्वास घेत असणार. मला रडू येत होतं, पण या दोघांपुढे रडायचं नाही असं ठरवून मी पुढे वाचत राहिले. आणि तिसऱ्या ओळीत तो शब्द दिसला. मग खाली पुन्हा. शेवटी पुन्हा.

मी मोठ्याने वाचलं, “‘नळ सोडला अन् किंबहुना हवाच आली.’ सर, या लाल रेघा तुम्हीच मारल्या ना?”

“अर्थात.”

“मग हा पानठेल्यावरचा गडी ‘किंबहुना’ म्हणतो, त्याच्याखाली काहून नाही मारली?”

“त्यात काय मारायचं?” सर म्हणाले. “तो अगदी साधा, रोजच्या वापरातला शब्द आहे, किंबहुना...”

आणि ते थांबले.

मुख्याध्यापकांनी सरांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा सरांकडे पाहिलं. सरांचे कान लाल झाले. दुसऱ्याच्या बोलण्यातलं कुसळ त्यांना लांबून दिसत होतं, पण स्वतःच्या शब्दावरून पेन्सिल सरळ पुढे गेली होती.

“तुमचा तास असेल ना?” मुख्याध्यापक त्यांना म्हणाले. तास नव्हता. सर उठले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

मला वाटलं, आता तरी हा माणूस म्हणेल, बाई, चुकलं आमचं. छे! ते साप्ताहिकाची घडी घालत म्हणाले, “ते ज्येष्ठ आहेत. उगाच वाढवण्यात अर्थ नाही. विषय इथेच संपला.”

वा रे न्याय! माझ्या वेळी लाल पेन्सिल, अभ्यास, ऑफिसात हजेरी. आणि त्यांच्या वेळी विषय संपला! चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे ऐकलं होतं, पण इथे तर संन्याशाला चोरासमोर बसवून गप्प राहायला सांगत होते.

मग त्यांनी खणातून माझा कागद काढला, पेनचं टोपण उघडलं आणि सहीच्या जागी पेन टेकवून हात थांबवला.

“मी सही करतोय,” ते म्हणाले. “पण एक लक्षात ठेवा, बाई. असे गैरसमज होतात ते तुमच्या त्या बोलण्यामुळे. यापुढे शाळेत ती भाषा नको.”

घरी आई वाट पाहत होती. त्या पेनाच्या टोकाशी आमची चूल अडकली होती. ‘बरं सर’ म्हटलं की झालं, दोनच शब्द. मी खुर्चीतून उठले नाही.

“काहून?” मी विचारलं.

त्यांनी मान खाली घालून सही केली. ‘काहून’चं उत्तर मात्र निवृत्त होईपर्यंत दिलं नाही.