काढ्याच्या दोन बाटल्या

नोकरीतल्या बाकीच्या केसेस एकमेकींत मिसळून गेल्या, ही मिसळली नाही. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. मी चौथी पास, शिपायाचा जमादार झालेलो, धरणगाव भागातल्या एका ठाण्यात होतो.

एक शेतकरी भरदुपारी ठाण्यात आला. म्हणाला, "साहेब, माझ्या भावाला त्याच्या सुनेनं गोडीगुलाबीनं मारलं. काढ्यात साखर घालायची."

भाऊ मधुमेहाचा रोगी. रोज इन्सुलिनची सुई घ्यायचा. पुढं एका वैद्याचा काढा सुरू केला, 'साखरेचा कणही नाही' अशा बोलीवर. महिन्याभरात बेशुद्ध पडला आणि गेला. काढा ओतून द्यायची ती सून, आणि सासऱ्याशी तिचं भांडण गावाला ठाऊक. सरकारी डॉक्टरांनी उरलेला काढा तपासून सांगितलं, साखर भरपूर आहे. मला तेवढं पुरलं.

पंचनाम्यात उघडी बाटली सील करत होतो, तर सून म्हणाली, "दादा, फळीवर न फोडेल बाटली शे. ती बी ल्या."

"तू मला पोलीसगिरी शिकवतेस?" मी ओरडलो. "घेतो ती न उघडलेलीही. तुझी खोड पुरती मोडू दे."

रागानं घेतली, शहाणपणानं नाही.

कोठडीत तिला नऊ दिवस तेच विचारलं. तिचं एकच, "मी साखर टाकेल नई." तिचं दोन वर्षांचं पोर बाहेर तिची आई सांभाळत होती. रडणं आत ऐकू यायचं. मी ते ऐकूनही प्रश्न बदलला नाही.

मुद्देमाल मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेत गेला. तिथं नवं यंत्र आलेलं. लिक्विड क्रोमॅटोग्राफी, हा शब्द मी नातीकडून लिहून घेतलाय. तिथल्या साहेबानं मला समजावलं. भुकटी ठासलेल्या नळीतून द्रव दाबानं सोडतात. साखरा अनेक जातींच्या, प्रत्येक आपापल्या वेळेला बाहेर पडते आणि कागदावर टेकाड उठतं. टेकाड मोठं तेवढी ती साखर जास्त.

"उसाची साखर नावाला नाही," साहेब म्हणाले. "मधात असतात त्या दोन साखरा आहेत. आणि जमादार, न उघडलेल्या बाटलीतही तेवढ्याच."

वैद्याला आणलं. तो गळ्याची शपथ घ्यायला लागला.

"साखरेचा खडा नाही, साहेब! सातपुड्यातला असली मध आहे. मध म्हणजे काय साखर झाली?"

"आणि सुया?"

"काढा चालू असताना सुया कशाला? मीच बंद करवल्या."

तो खोटं बोलत नव्हता. खटला त्याच्यावर भरला.

सुनेला म्हटलं, तू सुटलीस. ती जागची हलली नाही. "गावले कोन सांगी, दादा?"

मी सांगेन म्हटलं. चावडीवर गाव जमवलं आणि अहवाल मोठ्यानं वाचला, "दोन्ही बाटल्यांत शर्करा आढळली."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हनजे साखर निंघनीच ना!" लोक उठायला लागले. तिच्या नवऱ्यानं मान खाली घातली. मी कागद हलवत ओरडत राहिलो, मधाची, मधाची. पण तिला गावातून बेड्या घालून नेणारा मीच, माझं कोण ऐकणार?

ती पोराला घेऊन माहेरी गेली. नवरा आणायला गेला नाही.

लोक मला विचारतात, नोकरीत काय शिकलात? एवढंच शिकलो. यंत्रानं साखरेच्या जाती वेगळ्या केल्या, मला चावडीवर 'शर्करा' आणि 'साखर' हे दोन शब्द वेगळे करता आले नाहीत. 'मी चुकलो' एवढंच म्हणायचं होतं, ते गावाला कळलं असतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही.