खंबाटकीच्या घाटातला मिलिट्री मेस्त्री

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बरं का! नाहीतर ऐकता ऐकता चहा नाकात जाईल आणि बोल मला लावाल. माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या, पण भर लग्नमांडवात, नव्या पाव्हण्यांसमोर अब्रू गेली ती एकदाच!

चीनच्या लढाईनंतरचा काळ. मी मिलिट्रीतून सुटून नुकताच साताऱ्याकडच्या खंडाळ्याला घरी आलो होतो. मिलिट्रीत मी होतो मोटार कंपनीत. जिकडं बघावं तिकडं ट्रकच ट्रक! आता मोटार कंपनी म्हटल्यावर लोकांना काय वाटणार? गडी इंजिनाचा मेस्त्री!

पण मी होतो लंगरात. म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात. ट्रक दुरुस्त करून दमलेल्या मेस्त्र्यांना डाळ-चपाती वाढणारा.

हे गावात सांगायची संधी तरी कुणी द्यावी ना! मी एस.टी.तून उतरतोय तोवर दगडूमामानं, म्हणजे माझ्या आईच्या भावानं, सगळ्या स्टँडला ओरडून सांगितलं, "आमचा यशवंता आला! इंजनाचा डाक्टर हाय!" झालं. दुसऱ्या दिवसापासून दारात कुणाची सायकल, कुणाचं शिलाईचं मशीन, कुणाचं मोटेचं चाक. मी कपाळाला आठ्या घालून दोन थेंब तेल सोडायचो. तुम्हाला सांगतो, जगातली निम्मी दुखणी दोन थेंब तेलावर बरी होतात!

अशात मामाच्या पोरीचं, सुमनचं, लग्न ठरलं. नवरा प्रल्हाद, सांगलीजवळ माधवनगरला एका कापडगिरणीचा ट्रक चालवायचा. लग्न तिकडंच, संध्याकाळी. बाकीचं वऱ्हाड आदल्या दिवशी एस.टी.नं पुढं गेलं. नवरीला मात्र गावातले डॉक्टरसाहेब आपल्या मोटारीतून नेणार होते. मामा त्यांच्याकडं कंपाउंडर होता. "सुमन माझ्या डोळ्यांसमोर वाढलीय, तिला मीच पोचवणार," असं त्यांनी सांगून टाकलं.

डॉक्टर माणूस सोन्यासारखा. मोटार मात्र इंग्रजांच्या वेळची. इंग्रज गेले, ती राहिली.

"संगं मेस्त्री असावा," मामा म्हणाला आणि मला पुढच्या सीटवर बसवलं. मागं मामा आणि सुमन.

पहाटे निघालो. सपाटीवर गाडी गुणी पोरीसारखी चालली. खंबाटकीच्या घाटाला लागलो मात्र, अन् तिला उचकी लागली. फट्... फटफट्... फट्! डॉक्टर पायानं पेडल दाबतायत, तरी गाडी पुढं जायला तयार नाही. एक म्हातारा डोक्यावर भारा घेऊन शेजारून चालत पुढं गेला आणि वळून आमच्याकडं दयेनं बघायला लागला.

डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच, पण सगळी गाडी थंडी भरल्यासारखी थडथडतेय.

"यशवंता," डॉक्टर म्हणाले, "मला माणसाच्या पोटातलं कळतं. हे पोट तुझं!"

मामा मागनं म्हणाला, "आवं, त्याला काय सांगायला लागतंय? मिलिट्रीतलं इंजन हाय व्हय हे? चिमटीत धरंल चिमटीत!"

काय करता? उतरलो. बॉनेट उघडलं. आत बघून "हं" म्हणालो. थोड्या वेळानं आणखी मोठ्यानं "हं" म्हणालो.

आणि देवाशपथ... नाही, शपथ नको, पण खरंच सांगतो, तेव्हा मला लंगरातल्या पंगती आठवल्या. जेवताना ते मेस्त्री दुसरं काही बोलायचेच नाहीत! इंजिन अडखळायला लागलं की चालू इंजिनावर प्लगची एकेक तार काढून बघायची. काढल्यावर इंजिन जास्तच अडखळलं तर तो सिलिंडर जिवंत. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला!

मी हे डॉक्टरांना ऐटीत सांगितलं. ते खूश! "अरे, ही तर नाडीपरीक्षा!" म्हणत त्यांनी बॅगेतून स्टेथोस्कोप काढला आणि इंजिनाला लावला. "जुना दमा दिसतोय. काढ तार."

मी पहिली तार धरली आणि काय सांगू! हातातनं जे काही शिरलं ते टाळूतनं बाहेर पडलं. मी कसा ओरडलो ते मला कळलं नाही, पण पलीकडच्या डोंगराला कळलं, कारण तो उलट ओरडला.

"काय झालं रं?" मामा.

"काय न्हाई. करंट तपासला. झकास हाय."

सुमन पदरात तोंड घालून हसत होती. नवरीनं आदल्या दिवसापासून रडायचं असतं, ही हसतेय!

पुढच्या तारा मी फडकं गुंडाळून काढल्या. आणि तिसरी काढली तेव्हा इंजिनाला काहीच वाटलं नाही. सापडला! मेलेला सापडला! इंजिन बंद करून प्लग काढला तर करपलेल्या पातेल्याच्या बुडासारखा काळा. आता करपलेलं बूड घासण्यात आपला हात धरणारा कोण होता हो? घासला, लख्ख केला. एवढ्यावर थांबलो असतो तर आज मी हा किस्सा सांगत नसतो. पण अंगात मेस्त्री संचारलेला! म्हटलं, चारही साफ करू. चारही तारा ओढून काढल्या, चारही प्लग घासले, बसवले, आणि तारा ज्या हाताला लागल्या त्या तशा लावल्या.

"मारा हँडल!"

मामानं हँडल मारलं.

धाड्!

अहो, तोफ! झाडावरची वानरं पळाली. मागनं येणारा एक मालट्रक कचकन थांबला, ड्रायव्हर खाली उतरला आणि आपलीच चाकं एकेक करून लाथा मारून बघायला लागला. चारदा फेरी मारली बिचाऱ्यानं!

"पुन्हा मारा," मी म्हणालो.

धाड्! धाड्! मामा हँडल टाकून गटारात.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानातनं काढला. "यशवंता, पेशंट वाचेल ना?"

"दादा," सुमन खिडकीतनं म्हणाली, "ती एक तार तानलीया बघ. आनि ही दुसरी लोंबतीया. मगाशी समद्या सारख्या बसल्या हुत्या."

"तू गप बस," मी म्हणालो. "हितं काय वाळत घातलेली धुणी हायती? इंजनात आतनं मोठा बिघाड झालाय!"

मोठा बिघाड! हे शब्द ऐकून मामाचा चेहरा जो पडला, तो मला अजून दिसतो. ऊन तापायला लागलेलं, लग्न सांगलीला आणि नवरी खंबाटकीत. मामा गटाराच्या कडेला बसला आणि मला एवढंच म्हणाला, "तुला उमगंल रं. तू हायस म्हनून मला घोर न्हाई."

आता सांगा, यापेक्षा त्यानं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं नसतं वाटलं?

तोवर सुमन उतरली होती. हातातल्या हिरव्या बांगड्या मागं सारून तिनं ताणलेली तार काढली, लोंबणारी काढली आणि त्यांची अदलाबदल केली. "आता मारा, आबा."

मामानं हँडल मारलं. इंजिन असं सुरू झालं म्हणता, जसं काही कालच विलायतेहून आलंय! प्लग घासलेले होतेच. घाट कधी चढलो कळलंसुद्धा नाही. सातारा गेलं, कराड गेलं, ऊन कलायच्या आत माधवनगरच्या मांडवात हजर.

मांडवात शिरता शिरता मामानं सुरू केलं. "इंजन पार मेलं हुतं! आमच्या यशवंतानं समद्या तारा काढल्या आनि पुन्हा जोडल्या! मिलिट्री मेस्त्री!" मी सुमनकडं बघितलं. ती खाली बघून ओठ चावत होती.

लग्न लागलं. सगळ्यांनी हात जोडून पंचशील म्हटलं. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. तिथं मी नुसते ओठ हलवले, तर शेजारच्या बाईनं पाणी विचारलं.

आणि लग्न लागल्याबरोबर गळ्यातल्या हारासकट नवरदेव थेट माझ्याकडं! डोळ्यांत नुसतं कौतुक.

"पाव्हणं, तुमच्यासारखा जानकार मानूस घरात आला, लय बरं वाटलं. मी ट्रकवर हाय, मला बी नाद हाय ह्याचा. चारी तारा काढून पुन्हा जोडल्या म्हनं? फायरिंग ऑर्डर काय हाय हो त्या गाडीची?"

आजूबाजूला सगळं वऱ्हाड कान देऊन. मी छाती काढली. मिलिट्रीचा प्रश्न, मग काय!

"हे बघा, पाव्हणं," मी म्हणालो, "फायरिंगची ऑर्डर साहेब देनार. आनि सरहद्दीवर. अशी घाटात कोन देतंय? आनि खरं सांगू का, मला फायरिंगची ऑर्डर कवाच मिळाली न्हाई. लंगरातल्या मानसाला कोन देनार?"

सगळं वऱ्हाड एकमेकांकडं बघायला लागलं.

प्रल्हाद हळूच म्हणाला, "पाव्हणं, फायरिंग ऑर्डर म्हंजी कुठला सिलिंडर आधी पेटायचा आनि कुठला मागनं, त्यो क्रम. तारा त्याच क्रमानं लावत्यात."

"लंगर म्हंजी काय रं, यशवंता?" मामा.

"सैपाकघर, मामा."

मग जो हशा पिकला म्हणता! सुमननं इतका वेळ दाबून धरलेलं हसू सोडलं आणि घाटातली सगळी हकिगत सांगून टाकली. मला वाटलं, आता मामा कायमचा तुटला. पण मामाच तो! त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला आणि पाव्हण्यांना ठणकावलं, "मग? सैपाकी असून एवढं इंजन उघाडलं! तुमच्यात हाय का असा कुनी?"

दुसऱ्या दिवशी परत निघालो. सुमनला निरोप देताना मामा रडला, मी रडलो. डॉक्टरसाहेब तर सगळ्यांत जास्त रडले. माधवनगर मागं पडलं तरी त्यांचे डोळे पुसणं चालूच.

मी म्हणालो, "साहेब, चांगल्या घरी पडलीय पोरगी. एवढं मनाला लावून घेऊ नका."

"तसं नाही रे, यशवंता," डॉक्टर नाक पुसत म्हणाले. "आपली मेस्त्री सासरी राहिली. आता पुढं गाडी बंद पडली तर कसं?"

मी बॉनेटकडं बघितलं.

"पडलीच बंद, तर चहा करून देईन, साहेब."