डावीकडचा दांडा

भुईमुगाच्या टरफलांची धूळ नाकात गेली की मला वारूळवाडीतलं भावाचं वेल्डिंगचं दुकान आठवतं. आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा त्यानं तिच्यासाठी शेंगा फोडायचं यंत्र बनवलं आणि फिरवायचा दांडा मुद्दाम डावीकडं बसवला. दुकानाच्या दारात बसून आई ते फिरवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, "माझ्या लेकानं केलंय." एकदा इस्त्रीच्या कपड्यातला एक अनोळखी माणूस यंत्र बघायला आला. "बसा पावणं," म्हणत भावानं सगळं खोलून दाखवलं. तो मापं घ्यायला लागला, तर टेपचं दुसरं टोकही भावानंच धरलं. आईनं डाव्या हातानं त्याला चहा दिला. पुढच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात तसंच यंत्र आलं. हिरवा रंग, वर कंपनीचं स्टिकर, आणि दांडा डावीकडंच. "जाऊन जाब विचार," मी भावाला म्हणाले. त्यानं दांडा फिरवून बघितला. मग म्हणाला, "मीबी लोकांची यंत्रं खोलूनच शिकलो की. कुठल्या तोंडानं भांडू?" त्यानंतर त्यानं गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या केल्या, नवं काही केलंच नाही. आईही गेली. इथं शिनोलीला माझ्या सासरी ते कंपनीचं यंत्र आहे. आज जाऊबाई घाम पुसत म्हणाल्या, "दांडा डावीकडं कुणा येड्यानं बसवलाय? लई हात भरून येतो." मी यंत्रात शेंगा ओतत राहिले.