राखेतला शाळू

शाळूचं बियाणं राख लावून मडक्यात भरलं, ते आमचं दोघांचं शेवटचं काम. मी मडकं धरलेलं, बायको ओतत होती. निम्मं भरल्यावर ती थांबली.

"अहो, हे कोंबड्यांना टाकायचं हायब्रीड जोंधळं की. मी शाळूवरच ओतलं."

"मग मी काय झोपलोतो? मला बी दिसलं न्हाय."

"दोन आंधळ्यांचा संसार," ती हसली. "ऱ्हाऊ दे. उद्या निवडू."

सकाळी उठली ती मला ओळखंना. तिचं माहेर चिकोडीकडचं, कानडी. माझा हात धरून म्हणायची, "मनिगी होगोनु, अण्णा." घरी जाऊया म्हणायची, भावाला म्हणावं तसं. बेळगावला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, आजी कन्फ्यूज झाल्यात. मी मान हलवली. आठवड्यात ती गेली. जाईपर्यंत मी तिचा भाऊच होतो.

दिवसकार्य झाल्यावर सुनेला विचारलं. ती इंग्रजी शाळेत शिकवते.

"कन्फ्यूज म्हंजे काय गं?"

"गोंधळणं, मामा." तिनं मोबाईलवर बघितलं. "लॅटिन म्हणून जुनी भाषा आहे, त्यातनं आलाय शब्द. मूळ अर्थ एकात एक ओतणं. मिसळून टाकणं."

तिचं डोकं त्या मडक्यापाशीच बिघडाय लागलंतं काय? आणि मडकं तर मी धरलेलं. मलाबी दिसलं न्हवतं. मरणाला मी भीत न्हाय, वय झालंय. पण उद्या मीच कुणाचा तरी हात धरून भलतंच नाव घेतलं तर? तिला मी तरी होतो. खोटा का असंना, भाऊ होतो. माझ्या हाताला कोण? त्या दिवशी जेवण गेलं न्हाय. बसल्या बसल्या नातवंडांची नावं मनात म्हणत होतो. धाकटीचं लवकर आठवंना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मडकं अंगणात आणलं. राख पाखडली आणि सूप घेऊन उन्हात बसलो. शाळू टपोरा, मोत्यागत चकाकतो. हायब्रीड बारीक, मळकं. पोरवयापासून बघतोय. एकेक दाणा निवडला. सूप शाळूनं भरल्यावर सुनेला हाक मारली.

"बघ गं, ह्यात एखादा हायब्रीडचा दाणा ऱ्हायलाय काय?"

तिनं मूठभर घेऊन बघितलं. "मामा, मला सगळे सारखेच दिसतात हो."

बघून सांगणारी एकच होती. मी चष्मा पुसला, सूप परत मांडीवर घेतलं आणि पहिल्यापासनं निवडाय लागलो.