क्लाराचं दार

मंडळी, सध्या आमच्याकडे पारनेरला जर्मनीची क्लारा राहतेय. कोरडवाहू शेतीचा अभ्यास करायला आलीय. बाजरीची भाकरी, ठेचा, डास, सगळं तिच्या अंगवळणी पडलं. अडलं ते फक्त दारापाशी.

अभ्यासाला बसली की ती खोलीचं दार लावून घेते. आमच्याकडे दिवसाढवळ्या दार कोण लावतं? एकतर आजारी माणूस, नाहीतर रुसलेलं. त्यामुळे आई कधी चहा, कधी केळं घेऊन सारखी दार वाजवत असते.

आज सकाळी तर आई शेजारच्या काकूंनाच सोबत घेऊन गेली. "पोरीला कुनी काय बोललं का? आत कोंडून घेतलंय तिनं."

क्लारानं दार उघडलं, तर समोर दोन काळजीचे चेहरे. शेवटी मी मध्ये पडलो. म्हटलं, तिच्या घरी सगळेच दार लावून बसतात, कुणी रागावलेलं नसतं.

आईला काही ते पटेना. "मंग घरात मानसं हायेत, हे कळायचं कसं?"

क्लाराला मी याचा अर्थ सांगितला.

दुपारी घरी आलो तर ओसरीवर आई आणि काकू शेंगा फोडत होत्या. दोघींच्या मधोमध क्लारा, कानांत कापसाचे बोळे घालून पुस्तक वाचत होती. मी काही बोलणार, तेवढ्यात आईनं मलाच दटावलं.

"हळू बोल की. तिनं दार लावलंय."

ही पोस्ट मी माझ्या खोलीचं दार लावून लिहितोय. आत्ताच बाहेरून आवाज आला, "काय रं, बरं न्हाई का?"

तुमच्याकडे दार लावून किती वेळ निभतं?